रिकाम्या हातांचा हिशेब

“रिकाम्या हातांनी आले आणि मालक झाले.” फाळणीनंतर पश्चिम पाकिस्तानातून आपल्याकडे आलेल्या सिंधी आणि पंजाबी लोकांविषयी हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कौतुक असते. पण कामगार-चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाच्या कानी ते कौतुक म्हणून क्वचितच पडते. पगारवाढीच्या बोलण्यात टेबलाच्या पलीकडे बसलेला गृहस्थ एकदम इतिहासात शिरतो आणि म्हणतो, “अहो, त्या पोरांनी आगगाडीत पेन्सिली विकल्या, पापड विकले, पण कोणापुढे हात पसरला नाही. आणि तुमची माणसे महागाई भत्त्यासाठी दारात बसतात!” येथे इतिहासाची फूटपट्टी होते आणि ती कष्टकऱ्याच्या पाठीवर मारली जाते. तेव्हा ही फूटपट्टी कोणी आखली आणि ती सरळ आहे की वाकडी, हे तपासून पाहणे आम्हांला प्राप्त झाले.

आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाची पुस्तके युनियनच्या कचेरीत आणून, कोश हाताशी ठेवून वाचले. विद्वानांच्या ग्रंथांत आमच्यासारख्यास अडचणी पुष्कळ. एक तर बहुतेक ग्रंथ इंग्रजीत, आणि त्या इंग्रजीतही साधी गोष्ट साधेपणाने सांगण्याची चाल कमी. तरीही फाळणीच्या निर्वासितांवर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे संशोधन झाले आहे, त्यातील काही फार मोलाचे आहे. पेन्सिली विकणाऱ्या पोराची गोष्ट त्या संशोधकांनी खोटी ठरविली नाही. त्यांनी एवढेच विचारले की, ज्या पोरांची गोष्ट कोणी सांगत नाही ती कोठे गेली?

प्रथम आकडा घ्यावा. 1951 च्या शिरगणतीत निर्वासितांची वेगळी मोजदाद झाली. ती भारतात 72 लाखांहून थोडी अधिक भरली. त्यांपैकी सुमारे 25 लाख पूर्व पाकिस्तानातून आलेले होते, बाकीचे पश्चिमेकडून. या सर्वांना कागदोपत्री एकच नाव मिळाले, ‘निर्वासित’. पण जमीनदार, जमीनदाराचे कूळ आणि त्याच जमीनदाराचा मैला वाहणारा माणूस एका गाडीतून उतरले म्हणून एका वर्गाचे होत नाहीत. किंबहुना तिघेही एकाच गाडीतून उतरले असतील असेही नाही.

कराचीचेच पाहा. 6 जानेवारी 1948 च्या दंगलीनंतर तेथील हिंदूंना राहणे अशक्य झाले आणि बोटी भरभरून लोक मुंबईकडे आणि काठेवाडच्या बंदरांकडे निघाले. परंतु शहर साफ करणाऱ्या मेहतरांना मात्र पाकिस्तान सरकारने रोखले. त्यांचे काम ‘आवश्यक सेवा’ ठरविण्यात आले. आपले तेथील पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश, जे पुढे मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे या लोकांना जाऊ द्यावे म्हणून रदबदली केली. तेव्हा, मग कराचीचे रस्ते आणि शौचकूप कोण साफ करणार, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. डॉ. आंबेडकरांनी याच प्रश्नावर डिसेंबर 1947 मध्ये पंडित नेहरूंकडे तक्रार केली होती. पाकिस्तानात अस्पृश्यांना अडकवून ठेवले जात आहे आणि इकडे आलेल्यांना छावण्यांतही नीट थारा मिळत नाही, अशी ती दुहेरी तक्रार होती. उर्वशी बुटालिया यांनी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे प्रकरण पुन्हा उजेडात आणले.

‘आवश्यक सेवा’ हे शब्द संपवाल्यांच्या कानांना चांगले ओळखीचे आहेत. महाराष्ट्रात ‘मेस्मा’ हे नाव माहीत नसलेला परिचारिकांचा किंवा एस्. टी. कामगारांचा पुढारी सापडणार नाही. तेव्हा कराचीच्या मेहतराची गोष्ट वाचून आम्हांला नवल वाटले नाही. पण एक गोष्ट त्यातून पक्की झाली. पळून जाता येणे हीसुद्धा तेव्हा सर्वांना सारखी मिळालेली वस्तू नव्हती.

आता आले त्यांचे काय झाले? पंजाबात जमिनीचा प्रश्न मोठा होता. हिंदू आणि शीख यांनी पश्चिम पंजाबात सुमारे 67 लाख एकर जमीन मागे टाकली होती, आणि पूर्व पंजाबात मुसलमानांनी सोडलेली जमीन होती सुमारे 47 लाख एकर. प्रत्येकाला पुरे पडणे शक्य नव्हते. तेव्हा सरदार तरलोकसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीचा कस पाहून ‘प्रमाण एकर’ ठरविला आणि चढती कपात लावली. दहा एकरांपर्यंतच्या धन्याला चौथाई कमी मिळाली आणि हजार एकरांच्या वरच्या भागावर शेकडा 95 ची कात्री चालली. हे काम उत्तमच झाले, यात शंका नाही. मोठ्याला अधिक कापणारी वाटणी आपल्या देशात फारशी झालेली नाही. पण तिचा मूळ सिद्धान्त ध्यानात घ्यावा. सरकारचा प्रश्न असा होता की, “तू तिकडे काय सोडून आलास?” ज्याने शंभर एकर सोडले त्याला काही मिळाले, ज्याने दहा सोडले त्याला काही मिळाले. ज्याने दुसऱ्याच्या शेतावर हयात घालविली होती त्याने हिशेबाच्या दृष्टीने काहीच सोडले नव्हते. 1954 चा भरपाईचा कायदा घरादारांसाठी होता, त्यातही लहान दाव्याला टक्केवारी अधिक आणि मोठ्याला कमी असे न्याय्य तत्त्व होते. पण दाव्यावाचून भरपाई नाही! तेव्हा सर्वांत रिकामे हात ज्यांचे होते त्यांचे हात या वाटणीत रिकामेच राहिले.

सिंधची गोष्ट याहून वेगळी. पंजाबसारखी सिंधची फाळणी झाली नाही. सगळा प्रांत तिकडे गेला, त्यामुळे सिंधी माणसाला ‘अर्धा पंजाब’ म्हणून बसावयास जागाच उरली नाही. तिकडचे हिंदू बहुतांशी शहरांतले आणि बाजारगावांतले. त्यांच्यात आमिल म्हणजे सरकारी नोकरी, वकिली, डॉक्टरी करणारे, आणि भाईबंद म्हणजे व्यापारी. या व्यापाऱ्यांत हैदराबाद-सिंधच्या ‘सिंधवर्की’ पेढ्या अशा होत्या की ज्यांच्या शाखा जपानपासून पनामापर्यंत पसरल्या होत्या. क्लोद मार्कोवित्स या फ्रेंच इतिहासकाराने त्यांचा इतिहास 2000 साली लिहिला. ज्याचा चुलता हाँगकाँगच्या दुकानात गादीवर बसलेला आहे, त्याचे हात मुंबई बंदरात उतरताना दिसावयास रिकामे असतील. पण त्याच्या खिशात एक पत्ता होता. आणि लारकान्याकडच्या खेड्यात तेल-मिठाचे दुकान चालविणाऱ्या वाण्याच्या मुलाच्या खिशात तोही नव्हता.

हे दोघेही मुंबईला आले, आणि मग मुंबईने त्यांना वेगळे केले. शिकलेल्या आमिलांनी सहकारी गृहसंस्था काढल्या. ‘नवजीवन’ हे नाव मुंबई सेंट्रल, माहीम आणि चेंबूर येथे आजही पाटीवर दिसते. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 साली जयहिंद कॉलेज काढले. हैदराबादच्या शिक्षणसंस्थेने पुनर्जन्म घेऊन 1949 साली वांद्र्याला नॅशनल कॉलेज आणि 1954 साली चर्चगेटला के. सी. कॉलेज उभे केले. या माणसांच्या जिद्दीला आमचा नमस्कार आहे. घर गेले, पण शाळा त्यांनी पाठीवर बांधून आणली. मात्र त्या शाळेच्या दारापर्यंत कोणाचा मुलगा पोचत होता?

कल्याणपासून तीन-चार मैलांवर महायुद्धाच्या काळातली लष्करी छावणी रिकामी पडली होती. तेथे सुमारे एक लाख माणसे बराकींत ठेवण्यात आली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या जागेचे उल्हासनगर झाले. अजूनही तेथला माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतो. आमच्या पिंपरीलाही अशीच छावणी होती. एका बराकीत अनेक बिऱ्हाडे, मध्ये गोणपाटाचा पडदा. बाप वयाने उतरलेला, त्याला नवा धंदा सुचेना, नवी भाषा येईना. अशा घरांत संसाराचे जू पंधरा-सोळा वर्षांच्या पोरावर पडले. कल्याणच्या लोकलमध्ये गोळ्या, पेन्सिली, पापड विकणारी पोरे ती हीच. त्यांच्यातले काही पुढे कापडाच्या, लाकूडसामानाच्या, जीन्स पँटींच्या कारखान्यांचे मालक झाले. ‘मेड इन यू. एस्. ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण उल्हासनगरमध्ये कॉलेज आले ते बऱ्याच वर्षांनी. म्हणजे 1948 मध्ये जो मुलगा बराकीत सोळा वर्षांचा होता, त्याचे कॉलेजचे वय कॉलेज गावात आले तेव्हा निघून गेले होते. मधल्या वर्षांत त्याने काय केले, याची नोंद ‘यशस्वी उद्योजकां’च्या चरित्रांत नाही. त्याच बराकीतून जे मालक झाले नाहीत, दुसऱ्याच्या मशिनीवर बसले, हिशेबनीस झाले, फेरीवालेच राहिले, ते संख्येने थोडे नव्हते. त्या भागात फिरलेल्या कोणाही कार्यकर्त्याला ते माहीत आहेत.

अशी माणसे इतिहासातून गळतात कशी, याचे उत्तर रविंदर कौर यांनी दिल्लीच्या पंजाबी निर्वासितांवरील आपल्या 2007 च्या पुस्तकात दिले आहे. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला निर्वासित ही जी मूर्ती तयार झाली, ती बव्हंशी उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय पुरुषाची मूर्ती आहे, असे त्या दाखवितात. त्याच्या हिमतीमागे सरकारने दिलेली घरे, कर्जे, नोकऱ्या होत्या आणि त्या देताना कोण कोणत्या दर्जाचा हे पाहिले गेले होते. कोणाला बंगल्याचा भूखंड, कोणाला चाळीतली खोली, आणि दलित निर्वासितांची वस्ती निराळीच. मदत झाली यात वाईट काहीच नाही, अशीच मदत झाली पाहिजे. परंतु मदत घेतलेल्या माणसाच्या नातवाने ‘आम्ही कोणाचे काही घेतले नाही’ असे सांगत मजुराची मदत बंद करावयास सांगितली, तर संशोधकाने जुनी चोपडी उघडलेली बरी.

दिल्लीजवळच निराळा असा एक प्रयोग झाला, आणि तो आम्हांला फार जवळचा वाटतो. वायव्य सरहद्दीच्या बन्नू, डेरा इस्माईलखान या भागांतून आलेले लोक कुरुक्षेत्राच्या अवाढव्य छावणीत होते. त्यांच्यासाठी 1949 पासून फरीदाबाद वसविले जाऊ लागले. हे गाव ठेकेदाराने बांधावयाचे की निर्वासितांनी स्वतः? कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या भारतीय सहकारी संघाने आणि लक्ष्मीचंद जैन यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी दुसऱ्या बाजूने जोर लावला. दुकानदारी करणाऱ्या घरांतली पोरे कुदळ-फावडे घेऊन उतरली, त्यांच्या सहकारी संस्था झाल्या आणि मजुरी संस्थेमार्फत त्यांच्याच हातांत पडू लागली. शिक्षणासाठी आपल्या सेवाग्रामहून आर्यनायकम् आणि आशादेवी यांच्या नयी तालीमची मदत गेली. पुढे सरकारी खात्याची शिस्त आली, सहकारी संस्था मावळल्या आणि फरीदाबाद इतर औद्योगिक शहरांसारखे एक शहर झाले. जैन यांनी 1998 साली ही कहाणी लिहिली नसती तर ती आज कोणास ठाऊकही नसती.

येथपर्यंत पश्चिमेकडच्यांचे झाले. पूर्वेकडे वळले की ‘रिकाम्या हातां’च्या वाक्याचा उरला-सुरला आधारही सुटतो. बंगालमध्ये लोक एकदम आले नाहीत, लाटांनी येत राहिले. सुरुवातीला आले ते बहुतेक भद्रलोक, म्हणजे वकील, शिक्षक, कारकून, ज्यांचे कोणी ना कोणी कलकत्त्यात होते. 1950 च्या बारिसाल, खुलना भागांतील दंगलींनंतर मोठ्या संख्येने निघाले ते नामशूद्र शेतकरी. त्यांचे पुढारी जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री होते. 1946 साली डॉ. आंबेडकर बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले ते याच मंडलांच्या पाठिंब्यावर. ऑक्टोबर 1950 मध्ये मंडल राजीनामा देऊन कलकत्त्यास आले. पुढाऱ्यावरच ही पाळी आली, मग सामान्य शेतकऱ्याची काय कथा!

सरकारने पूर्वेकडच्यांना भरपाई दिली नाही. 8 एप्रिल 1950 च्या नेहरू-लियाकत करारात त्यांचा तिकडच्या मालमत्तेवरील हक्क शाबूत धरला होता, ते परत जातील अशी अपेक्षा होती. हक्क शाबूत राहिला, माणसे सियालदा स्टेशनच्या फलाटावर राहिली. ज्यांच्यात धमक आणि शिक्षण होते त्यांनी कलकत्त्याच्या दक्षिणेस आणि इतरत्र पडीक जमिनी रातोरात ताब्यात घेऊन वसाहती उठविल्या. 1950 अखेरपर्यंतच्या अशा 149 वसाहतींना पुढे मान्यता मिळाली. बी. एस्. गुहा यांच्या मार्गदर्शनाखाली मानवशास्त्रज्ञांनी जिराट ही सरकारी वसाहत आणि आझादगड ही ताब्यात घेतलेली वसाहत यांची तुलना केली. निर्वासितांच्या मनातील रागाचा रोख मुसलमानांपेक्षा सरकारकडे अधिक असल्याचे त्या अभ्यासात दिसले. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. घरातून ज्यांनी हाकलले त्यांच्यापेक्षा दारात ज्यांनी ताटकळत ठेवले त्यांचा राग अधिक यावा, हे बेकार तरुणाला ओळखणाऱ्या माणसाला पटते.

या वसाहतींतल्या तरुणांनी कलकत्त्याचे राजकारण पालटले. जुलै 1953 मध्ये इंग्रज ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले. एका पैशासाठी शहर पेटले आणि कंपनीला ती वाढ मागे घ्यावी लागली. प्रफुल्ल चक्रवर्ती यांनी 1990 साली निर्वासित आणि डावे पक्ष यांच्या संबंधांचा जो इतिहास लिहिला, त्यात या पिढीची धग जाणवते. पोरींचेही तसेच. ज्यांच्या आया उंबरा ओलांडीत नव्हत्या त्या मुली शिक्षिका झाल्या, टेलिफोन ऑपरेटर झाल्या, दुकानांत विक्रीला उभ्या राहिल्या. ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ हा 1960 चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना नीता आठवेल. घर तिच्या पगारावर उभे राहते आणि त्या घरात तिलाच जागा उरत नाही.

पण नामशूद्र शेतकऱ्याच्या पोराला कलकत्ता मिळाले नाही. तो छावणीत गेला. 1958 मध्ये बंगालमधील छावण्या बंद करावयाचे ठरले आणि दंडकारण्य योजना निघाली. कोरापुट, कालाहंडी, बस्तर. पाण्याच्या देशातला, भाताचा आणि माशांचा माणूस खडकाळ माळावर नेऊन सोडला गेला. 1964 नंतर आलेल्यांना तर नियमच असा की, पश्चिम बंगालबाहेर जावयास तयार असाल तरच पुनर्वसन. भद्रलोकांच्या वसाहतींना मान्यता आणि नामशूद्रांना दंडकारण्य, हा फरक नुसत्या योगायोगाने पडलेला नाही. जोया चटर्जी, उदिती सेन यांच्यासारख्या इतिहासकारांनी तो कागदपत्रांतून उलगडून दाखविला आहे.

1978 साली दंडकारण्यातले हजारो लोक उठून सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर गेले. बंगालमध्ये तेव्हा डाव्या आघाडीचे सरकार होते, आणि विरोधात असताना याच डाव्यांनी निर्वासितांना बंगालबाहेर धाडण्यास विरोध केला होता. लोकांनी विश्वास ठेवला. बेटावर त्यांनी बांध घातले, शाळा काढली, पाव भाजण्याची भट्टी लावली. तेथे राबणाऱ्यांत छावण्यांत वाढलेली तरुण मुले-मुली होती. सरकारने सांगितले की जंगल राखीव आहे. जानेवारी 1979 मध्ये बेटाची नाकेबंदी झाली, अन्नपाणी तोडले गेले, आणि मे महिन्यात पोलिसांकरवी लोकांना हुसकून लावण्यात आले. उपासाने, रोगाने, गोळीने किती मेले याचे आकडे इतके वेगवेगळे आहेत की आम्ही कोणताच येथे देत नाही. रॉस मलिक यांनी 1999 साली यावर निबंध लिहिला, त्याआधी या गोष्टीचा फारसा उच्चारही होत नव्हता. आमच्या खांद्यावरचा झेंडाही लाल आहे. म्हणूनच ही गोष्ट आमच्यासारख्याने सभेत सांगणे अधिक जरूर आहे, ती सांगण्याचे काम विरोधकांवर सोपवून चालणार नाही.

हे सारे दूरचे वाटत असेल तर नकाशा उघडावा. 1960 नंतर बंगाली निर्वासितांना जुन्या चांदा जिल्ह्यातही वसविण्यात आले. आजच्या गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांत त्यांची गावे आहेत. त्यांच्यातील पुष्कळजण नामशूद्र आहेत. तिसरी पिढी मराठी सहज बोलते. नामशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे आजोबा सरकारी आज्ञेने इकडे आले, आणि जात तेवढी सरहद्दीवर अडली. शिष्यवृत्तीचा आणि राखीव जागेचा प्रश्न आला की नातवाजवळ दाखला नसतो. मग शेतीचा तुकडा पुरत नाही म्हणून तो रायपूरला, नागपूरला, कधी आमच्या पिंपरी-चिंचवडलाही ठेकेदाराच्या हाताखाली कामाला येतो. अशा दोघा-तिघांचे अर्ज आमच्या कचेरीत भरले गेले. अर्जात ‘मूळ गाव’ असा एक रकाना आहे. एकाने तेथे मुलचेरा लिहिले. दुसऱ्याने खुलना जिल्ह्यातले गाव लिहिले, जे त्याने कधी पाहिलेले नाही, आणि मग आमच्याकडे पाहून विचारले, “दादा, हे खोडू का?” आम्ही म्हटले, राहू दे.